वीस अक्षरे, वीस चमचे: इंग्लंडची जुनी चांदी जमवायची कशी

इंग्लंडमधील जुन्या चांदीच्या भांड्यांचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने चहादाणीपासून सुरुवात करू नये. चहादाणी देखणी असते, दिवाणखान्यात मिरवते. पण तिच्या तोटीत, मुठीत, झाकणात आणि बुडात दुरुस्तीच्या इतक्या जागा लपलेल्या असतात, की नवख्या डोळ्याला त्यांतली एकही दिसत नाही. सुरुवात करावी ती जेवणाच्या मोठ्या चमच्यापासून. तो एका अखंड तुकड्यातून ठोकून घडवलेला असतो आणि त्यात सहसा सांधा नसतो. त्यावरचे ठसे उघड्यावर असतात, आणि चूक झालीच तर ती एका चमच्याएवढीच असते.

या लेखात मी एक ठरावीक बेत सुचवणार आहे. लंडनच्या कसोटी कार्यालयाने, म्हणजे चांदीचा कस तपासून ठसे मारणाऱ्या कचेरीने, १७७६ ते १७९५ या काळात दरवर्षी बदलणारे एक अक्षर चांदीवर उमटवले. त्या मालिकेत वीस अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षराचा एक, असे वीस मोठे चमचे जमवावेत. हा बेत पुरा होईपर्यंत इंग्रजी चांदीविषयी जे शिकायला हवे त्यातले बहुतेक शिकून झालेले असते, कारण ठशाची जागा आणि सरकारी कर या दोन्ही गोष्टी नेमक्या याच वीस वर्षांत बदलल्या, आणि चमच्याच्या घाटातला बदलही याच सुमारास पुरा झाला.

वजनाची सवय बाजूला ठेवणे

आपल्या घरांत चांदी म्हणजे ताम्हन, निरांजन, अत्तरदाणी, गुलाबदाणी, आणि सराफाच्या काट्यावर तिचे होणारे वजन. वस्तू जुनी झाली, चेपली, की ती मोडीत घालून नवी करावी, ही आपली रीत. इंग्लंडमध्येही अनेक शतके हेच चालले, आणि म्हणूनच सतराव्या शतकाच्या आधीची घरगुती चांदी तिथे फारशी उरलेली नाही. संग्राहकाने मात्र वजन किमतीचा तळ म्हणून वापरावे, त्याहून अधिक काही म्हणून नव्हे. स्टर्लिंग चांदीत हजारात ९२५ भाग चांदी असते आणि उरलेले बहुतांशी तांबे, म्हणून ग्रॅममधील वजनाला ०.९२५ ने गुणून त्या दिवसाच्या शुद्ध चांदीच्या भावाने हिशेब केला, की वस्तूची मोडीची किंमत निघते. त्या किमतीच्या खाली कोणी खरी वस्तू देऊ करत असेल, तर दैवाला धन्यवाद देण्याआधी ती पुन्हा एकदा तपासावी. जी रक्कम त्याहून वर द्यावी लागते, ती घाट, वय, कारागीर आणि स्थिती यांसाठी असते. आणि या चारांत माझ्या मते स्थितीला पहिला मान आहे.

ठसे वाचायला शिकणे

‘हॉलमार्क’ हा शब्द सोन्याच्या दागिन्यांमुळे आता आपल्या तोंडी बसला आहे. त्यातला ‘हॉल’ म्हणजे लंडनमधील गोल्डस्मिथ्स हॉल, जिथे १४७८ पासून कारागिरांना आपला माल कसोटीसाठी आणून द्यावा लागे. ठशांची परंपरा त्याहून जुनी आहे. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदीचा कस ठरवून बिबट्याच्या तोंडाचा ठसा आणला, १३६३ मध्ये कारागिराचा स्वतःचा ठसा सक्तीचा झाला, १४७८ मध्ये वर्षाचे अक्षर आले आणि १५४४ मध्ये चालता सिंह आला, जो आजही स्टर्लिंगची खूण आहे. मध्ये एक अपवाद आहे. नाणी वितळवून भांडी करण्याचा उद्योग इतका वाढला, की १६९७ मध्ये भांड्यांचा कस नाण्यांपेक्षा वर, म्हणजे हजारात सुमारे ९५८ असा सक्तीचा केला गेला, आणि सिंहाच्या जागी बसलेल्या ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्रीची, आकृती आली. ही सक्ती १७२० मध्ये उठली. त्यानंतर तो कस ऐच्छिक राहिला.

आपल्या बेतातील चमच्यावर चार किंवा पाच ठसे असतात. कारागिराची आद्याक्षरे, चालता सिंह, मुकुट घातलेले बिबट्याचे तोंड आणि वर्षाचे अक्षर हे चार. आणि १ डिसेंबर १७८४ नंतर पाचवे राजमुख. हे पाचवे मुख म्हणजे कराची पावती आहे. चांदीवर औंसामागे सहा पेन्सचा कर पुन्हा लागू झाला, तो भरला याची खूण म्हणून राजाचे डोके उमटवले जाऊ लागले, आणि ही पद्धत १८९० मध्ये कर रद्द होईपर्यंत चालली. म्हणून राजमुख दिसले, की वस्तू या दोन वर्षांच्या दरम्यानची, एवढे क्षणात कळते. पहिली दीड वर्षे हे मुख आत खोदल्यासारखे, डावीकडे पाहणारे होते. १७८६ पासून ते उठावाचे आणि उजवीकडे पाहणारे झाले. मालिकेत १७८४ चे अक्षर ‘आय’ आणि १७८५ चे ‘के’ आहे (‘जे’ वापरलेच जात नसे), त्यामुळे ‘आय’चा चमचा राजमुखाशिवायही मिळतो आणि खोलगट राजमुखासहही. दोन्ही मिळाले तर वीसचे एकवीस होतात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

वर्षाचे अक्षर लंडनमध्ये जानेवारीत नव्हे, तर मे महिन्याच्या अखेरीस बदलत असे. म्हणून ‘पी’ म्हणजे १७९० असे म्हणताना खरा अर्थ मे १७९० ते मे १७९१ असा घ्यावा.

आता एक चमचा प्रत्यक्ष हातात घेऊ. भिंगाखाली छोट्या लिपीतील ‘पी’ दिसतो आहे. छोटी रोमन अक्षरे लंडनने १७७६ च्या मालिकेत वापरली आणि पुन्हा १८१६ च्या मालिकेत वापरली. त्यामुळे शेजारी राजमुख असेल, तर हा ‘पी’ १७९० चा असू शकतो किंवा १८३० चा. अक्षर एकटे काही सांगत नाही, पण शेजारचा बिबट्या सांगतो. त्याच्या डोक्यावर मुकुट असेल तर चमचा १७९० चा, आणि डोके उघडे असेल तर १८३० चा, कारण लंडनच्या बिबट्याचा मुकुट १८२१ मध्ये उतरला. सिंहही साक्ष देतो: जुना सिंह चालता चालता मान वळवून आपल्याकडे पाहतो, त्यानंतरचा समोर पाहतो. शिवाय अक्षर उलटे धरले गेले नाही ना, हे पाहावे. ‘डी’ उलटा केला की ‘पी’ होतो, ‘बी’चा ‘क्यू’ होतो आणि ‘एन’चा ‘यू’. सिंहाचे पाय ज्या बाजूला, ती खालची बाजू, असे धरून मगच अक्षर वाचावे. ‘डी’ म्हणजे १७७९, तेव्हा राजमुख असणारच नाही; ‘पी’ म्हणजे १७९०, तेव्हा ते असलेच पाहिजे. एवढ्या छोट्या ताळ्याने विक्रेत्यांनी लावलेली कित्येक चुकीची लेबले उघडी पडतात, आणि कधी कधी ती चूक आपल्या फायद्याचीही असते.

याच वीस वर्षांत ठशांची जागाही सरकली. सुमारे १७८० पर्यंत ठसे दांड्याच्या मागे, खोलगट भागाच्या जवळ, दांडा सर्वांत अरुंद असतो तिथे मारले जात. ठोक्याने दांडा पसरे, मग कारागीर तो पुन्हा ठोकून मूळ रुंदीवर आणी, आणि या उपद्व्यापात ठसे चिमटले जात. म्हणून मालिकेतील सुरुवातीच्या चमच्यांवर ‘सी’ आहे की ‘ई’ हे सांगणे अवघड जाते. त्यानंतर ठसे दांड्याच्या रुंद टोकाकडे गेले आणि स्वच्छ वाचता येऊ लागले. नवख्याने मालिकेच्या शेवटच्या निम्म्यापासून, म्हणजे १७८६ नंतरच्या अक्षरांपासून सुरुवात करावी ती याच कारणाने. चिमटलेले ठसे वाचण्याची वेळ येईपर्यंत डोळा तयार झालेला असतो.

चहाचे छोटे चमचे स्वस्त असूनही या बेतात मी घेतले नाहीत. त्या काळातील बऱ्याच छोट्या चमच्यांवर फक्त कारागिराचा ठसा आणि सिंह एवढेच असते, वर्षाचे अक्षर नसतेच. त्यांची मजा वेगळी आहे. काहींच्या पाठीवर उठावाची चित्रे असतात: शिंपला, गलबत, गव्हाची पेंढी, किंवा पिंजऱ्याबाहेर बसलेला पक्षी आणि ‘मला स्वातंत्र्य प्रिय आहे’ अशी इंग्रजी ओळ. हा स्वतंत्र संग्रहाचा विषय आहे आणि त्यात शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही.

लंडनबाहेरचे ठसे ओळखता येण्याइतकी तरी तयारी ठेवावी. बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर आणि शेफिल्डचा मुकुट हे दोन्ही १७७३ पासूनचे. एक्सेटर आणि न्यूकॅसल या दोघांच्या खुणांत किल्ले आहेत, पण न्यूकॅसलचे तीन वेगवेगळे आणि एक्सेटरचा तीन बुरुजांचा एक. चेस्टरच्या ढालीवर तलवार आणि गव्हाच्या पेंढ्या असतात. खिशात मावेल असे ठशांचे कोष्टक मिळते, ते दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाबरोबर नेहमी जवळ बाळगावे.

घाट ओळखणे

१७१० च्या सुमारापासून साठ वर्षे चाललेल्या चमच्याला हॅनोव्हेरियन म्हणतात. त्याच्या दांड्याचे टोक वरच्या बाजूला वळलेले असते आणि पुढच्या अंगाने मधोमध एक कणा असतो. तो टेबलावर पालथा मांडला जाई, म्हणून घराण्याचे चिन्ह किंवा आद्याक्षरे त्याच्या पाठीवर कोरलेली सापडतात. १७६० नंतर टोक खाली वळले, चमचा उताणा मांडला जाऊ लागला आणि कोरीव काम पुढे आले. या घाटाला ओल्ड इंग्लिश म्हणतात. आपल्या वीस चमच्यांत पहिले एखाद-दोन हॅनोव्हेरियन आणि उरलेले ओल्ड इंग्लिश असे मिळाले, तर इंग्रजी टेबलाची बदललेली मांडणी एका पेटीत दिसते. व्हायोलिनसारखे खांदे असलेला फिडल घाट पुढच्या शतकाचा आहे आणि किंग्ज नावाचा भरगच्च नक्षीचा घाट त्याहून श्रीमंती थाटाचा. ते आपल्या मालिकेत येत नाहीत.

१७८० च्या दशकात काही चमच्यांच्या दांड्यांवर तिरक्या छिन्नीने केलेले चकाकणारे काम दिसते, ज्याला ब्राइट-कट म्हणतात. प्रत्येक काप हिऱ्याच्या पैलूसारखा प्रकाश परतवतो. चमचा दोनशे वर्षे घासला गेला असेल, तर पहिल्यांदा हेच पैलू मरतात. म्हणून ते अजून बोटाला बोचत असतील तर वस्तूची स्थिती उत्तम आहे असे समजावे.

आद्याक्षरे पाहून नाक मुरडू नये. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात, तसाच हा प्रकार आहे. तीन अक्षरे त्रिकोणात असतील, तर वरचे आडनावाचे आणि खालची दोन नवरा-बायकोच्या नावांची असतात. खोडलेल्या नावापेक्षा दुसऱ्याचे नाव असलेला चमचा केव्हाही चांगला.

स्थिती तपासणे

इथे घाई करू नये, कारण बहुतेक पैसे इथेच वाया जातात. चमचा आधी भिंगाखाली न धरता हाताच्या अंतरावर धरावा आणि खोलगट भागाचे टोक पाहावे. मूळ टोक अंड्यासारखे आणि दोन्ही बाजूंना सारखे असते. उजव्या हाताने खाणारी माणसे ताटलीचा तळ खरवडत, त्यामुळे ते डावीकडून झिजते आणि चमचा एका अंगाला कललेला दिसतो. फार झिजलेले टोक कोणीतरी कानशीने सारखे करून घेतले असेल, तर भाग आखूड आणि बोथट वाटतो. त्याच वर्षाच्या दुसऱ्या चमच्याशेजारी ठेवून पाहिल्यावर हे लगेच कळते. या काळातील मोठा चमचा सर्वसाधारणपणे २० ते २२ सेंटिमीटर लांब आणि ५५ ते ७५ ग्रॅम वजनाचा असतो. लांबी पुरेशी असून वजन फारच कमी भरत असेल, तर चांदी घासण्यात गेली आहे.

मग दांड्यावर नाव असायला हवे त्या जागी अंगठा आणि तर्जनी फिरवावी. नाव घासून काढले असेल तर तिथे उथळ खळगा लागतो. त्यावर तोंडाची वाफ सोडावी. वाफेचा थर बसतो आणि विरतो त्या क्षणभरात डाग दिलेली जागा, भेगेची दुरुस्ती, बसवलेला तुकडा यांची रेषा वेगळी उमटते. ही वाफेची परीक्षा फुकट आहे आणि दुकानदारापुढे करायला लाजण्याचे कारण नाही. ती करणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो जरा जपूनच बोलू लागतो. दांडा आणि खोलगट भाग जुळतात तिथे करड्या रंगाचा डाग दिसला, तर ती शिशाची दुरुस्ती समजावी आणि चमचा परत ठेवावा. पोचे पडलेले असणे हा त्यामानाने किरकोळ दोष आहे. चांगला कारागीर ते काढू शकतो. गेलेली चांदी मात्र कोणी परत घालू शकत नाही.

सहा चमच्यांचा संच एकदम मिळत असेल, तर प्रत्येकाचा कारागिराचा ठसा इतर ठशांपासून किती अंतरावर आणि किती तिरका आहे, ते एकामागून एक पाहावे. कारागीर आपला ठसा आपल्या कारखान्यात हाताने मारी, कसोटीचे ठसे नंतर हॉलमध्ये पडत. त्यामुळे सहाही चमच्यांवर हे अंतर थोडे थोडे बदलते. ते सगळीकडे केसभरही न बदलता सारखे असेल, ठशांच्या कडा मऊ असतील आणि आजूबाजूला बारीक खड्डे असतील, तर एका खऱ्या चमच्याच्या साच्यातून ओतलेले नकली चमचे समोर आहेत.

मूळ वस्तूत नंतर केलेला बदल हा नकलीपेक्षा अधिक फसवा असतो, कारण त्यात ठसे खरे असतात. माझी पहिली मोठी खरेदी अशीच होती. एका रविवारच्या बाजारात १७८७ चा, ‘एम’ अक्षराचा मोठा चमचा मिळाला. खोलगट भागात द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी उठावात होत्या, आत सोन्याचा मुलामा होता आणि विक्रेत्याने तो ‘त्या काळचा फळांचा चमचा’ म्हणून दिला. ठसे खरे होते, वर्ष खरे होते. फळे मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळात कोणीतरी ठोकून उठवली होती. साध्या जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातील, चमच्यांवर हा संस्कार त्या काळात सर्रास झाला. तो चमचा मी अजून ठेवला आहे आणि त्यातून साखर वाढतो, पण तो मालिकेत धरत नाही. जुन्या चमच्याचा काटा करणे हा याच जातीचा, पण उघड लबाडीचा प्रकार आहे. अठराव्या शतकातील काटे चमच्यांपेक्षा बरेच दुर्मीळ आहेत, त्यांची टोके झिजून जात आणि ते मोडीत जात. त्यामुळे जुन्या चमच्याचा पुढचा भाग कापून त्याला काट्याची टोके जोडण्याचा मोह अनेकांना झाला. ब्रिटनच्या १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार असा बदल करून, पुन्हा कसोटी आणि ठसे न घेता वस्तू विकणे गुन्हा आहे. टोकांच्या मुळाशी वाफ सोडावी आणि टोके एकसारख्या लांबीची आहेत का ते पाहावे.

मुलामा आणि चांदी यांत फरक करणे

बाजारातील बहुसंख्य ‘जुनी इंग्लिश चांदी’ ही चांदी नसतेच. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर ‘ई.पी.एन.एस.’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) ही चार अक्षरे घरोघरी पोहोचली. त्यातल्या निकेल सिल्व्हर या धातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा अंशही नसतो; चांदी फक्त वरच्या पापुद्र्यात. ही चार अक्षरे अनेकदा वेगवेगळ्या छोट्या ढालींत, जुन्या वळणाच्या लिपीत अशी मारलेली असतात, की घाईत पाहणाऱ्याला ते चार ठसेच वाटतात. नियम साधा आहे: चालता सिंह किंवा ब्रिटानिया दिसत नसेल तर ती इंग्रजी चांदी धरू नये. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर इंग्रजी चमचे आणि चहादाण्या पुष्कळ दिसतात, पण त्यांतला फार मोठा भाग ‘ई.पी.एन.एस.’चा असतो. तो त्या भावाने घेण्यात काही वाईट नाही. चांदीच्या भावाने घेऊ नये एवढेच.

याहून जुना प्रकार शेफिल्ड प्लेटचा. थॉमस बोल्सओव्हर यांनी १७४० च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करण्याची युक्ती शोधली, आणि त्यातून मेणबत्तीदाण्या, चहादाण्या, तबके झाली. कडांवर आणि उठावाच्या टोकांवर तांब्याची लाली डोकावते ती यामुळेच. ती लाली जुनी असेल तर तशीच ठेवावी. वरून नव्याने मुलामा दिला की वस्तूचे मोल जाते.

खरेदी कुठे आणि कशी करावी

आधी पाहावे, मग घ्यावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात चांदीची स्वतंत्र दालने आहेत. तिथे दोन दुपारी काढल्या, तर चांगला घाट म्हणजे काय ते डोळ्यांत बसते. पण काचेमागच्या वस्तूचे वजन कळत नाही, म्हणून पुढची फेरी चॅन्सरी लेनच्या तळघरातील सिल्व्हर व्हॉल्ट्सची करावी. १८७६ मध्ये मौल्यवान वस्तू ठेवण्याच्या तिजोऱ्या म्हणून ही जागा उघडली आणि आज जाड पोलादी दारांमागे चांदीची दुकाने एकाला एक लागून आहेत. तिथले भाव चढे असतात, पण वस्तू हाताळू देतात आणि प्रश्नांची उत्तरे देतात. शनिवारी पोर्टोबेलो रोड आणि शुक्रवारी पहाटे बर्मंडसी येथे बाजार भरतात. बर्मंडसीला उजाडण्याआधी पोहोचणाऱ्याने विजेरी न्यावी, आणि चोरीच्या मालाबाबत तिथे एकेकाळी जी जुनी कायदेशीर सवलत होती ती १९९५ मध्ये संपली हे लक्षात ठेवून पावती घ्यावी.

लिलावात बोली ही किंमत नसते. बोलीवर खरेदीदाराकडून बहुधा २० ते ३० टक्के शुल्क घेतले जाते आणि त्या शुल्कावर कर लागतो. म्हणून हा सगळा हिशेब आधी करून, सर्वोच्च बोलीचा आकडा कागदावर लिहून मगच हात वर करावा. ऑनलाइन घेताना ठशांचे जवळून काढलेले छायाचित्र, खोलगट भागाच्या टोकाचे समोरून छायाचित्र आणि ग्रॅममधील वजन या तीन गोष्टी मागाव्यात. विक्रेता यांतली एकही द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पुढचा चमचा पाहावा.

नावाच्या मागे धावण्याविषयी थोडे. आपल्या मालिकेच्या काळात हेस्टर बेटमन (१७०८–१७९४) यांच्या वळणदार ‘एच बी’ ठशाला मोठी मागणी आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर १७६१ मध्ये या बाईंनी आपल्या नावाचा ठसा नोंदवला, आणि १७९० मध्ये निवृत्त होईपर्यंत कारखाना नावारूपाला आणला. पुढे मुलांनी आणि सुनेने तो चालवला. त्यांचा एक चमचा मालिकेत जरूर असावा. पण झिजलेल्या ‘एच बी’साठी दुप्पट पैसे देण्यापेक्षा कमी ख्यातीच्या कारागिराचा भक्कम चमचा घ्यावा, असे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि फार थोडे लोक ऐकतात.

चमच्यांनंतर पोकळ भांडी

मालिका अर्ध्यावर आली, की क्रीमचा छोटा जग किंवा पेला घ्यायला हरकत नाही. अशा भांड्याच्या बुडाशी अनेकदा सुईने ओरखडलेला आकडा सापडतो, उदाहरणार्थ ‘१४–१०’. हे जुने वजन आहे: चौदा ट्रॉय औंस आणि दहा पेनीवेट. वीस पेनीवेटचा एक औंस आणि एक ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे भांडे तेव्हा सुमारे ४५१ ग्रॅम होते. आज काट्यावर ४३८ भरले, तर अडीच शतकांच्या घासण्याची ती रास्त झीज आहे. ३९० भरले, तर झाकण, मूठ किंवा कोरलेले चिन्ह गेले असावे. आणि ४८० भरले तर अधिक सावध व्हावे, कारण चांदी आपोआप वाढत नाही. पाण्याच्या पेल्याला नंतर तोटी लावून त्याचा जग केलेला असण्याची शक्यता मोठी.

सुऱ्यांच्या मुठी पातळ पत्र्याच्या असतात आणि आत राळ भरलेली असते. गरम पाण्यात त्या फुगतात, उकलतात. सुऱ्यांची पाती बहुधा नंतर बदललेली असतात, आणि ती स्टेनलेस स्टीलची असतील तर बदल १९१३ नंतरचा, एवढे निश्चित. चहादाणीच्या मुठीत उष्णता अडवण्यासाठी हस्तिदंताच्या चकत्या असतात. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हस्तिदंताच्या विक्रीवर कडक बंधने आहेत आणि अशा वस्तूला नोंदणी लागते. अशी वस्तू भारतात आणण्याच्या फंदात पडूच नये.

घासणे, ठेवणे, नोंदवणे

आपल्या घरांत चांदी रांगोळीने, चिंचेने किंवा दंतमंजनाने घासतात. निरांजनाला ते एक वेळ चालेल, पण जुन्या चमच्याला हे तिन्ही वर्ज्य आहेत. रांगोळीचा प्रत्येक हात ठशाचा एक थर नेतो. चमचा बुडवला की क्षणात उजळवणारी रसायनेही टाळावीत, ती खाचांतली काळसर छाया काढून टाकतात आणि नक्षी सपाट दिसू लागते. कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच मऊ सुती कापडाने कोरडे करणे, आणि वर्षातून एखाद्या वेळी चांदीचे सौम्य पॉलिश, ठशांवर न दाबता, एवढे पुरे. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे चमचे रोज वापरणे. वापरातली चांदी फारशी काळी पडत नाही. फक्त अंडे आणि मीठ यांच्याशी तिचे वैर आहे: अंड्यातील गंधक तिला काळी करते आणि मीठ तिला खड्डे पाडते, म्हणून जुन्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा किंवा निळ्या काचेची वाटी असते.

ठेवताना रबर बँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र दूर ठेवावे. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात प्रत्येक चमचा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि पुड्या महिन्याला बदलाव्यात.

प्रत्येक चमच्यासाठी एक कार्ड करावे. त्यावर अक्षर आणि वर्ष, कारागिराचा ठसा, लांबी, ग्रॅममधील वजन, कोरलेली आद्याक्षरे, दोष, कुठे आणि किती रुपयांना किंवा पौंडांना घेतला हे लिहून ठशांचे छायाचित्र जोडावे आणि पावती मागे टाचावी. ही पावती ब्रिटनमधून भारतात येताना सीमाशुल्काच्या खिडकीवर लागते. भारतातून बाहेर जाताना प्रश्न वेगळा आहे: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून मुंबईत घेतलेला १७९० चा चमचा लंडनच्या मुलीला भेट म्हणून बॅगेत टाकू नये. तिच्यासाठी तिथेच शोधावा, आणि ‘पी’ उलटा धरलेला ‘डी’ नाही ना, हे तिला आधी सिंहाच्या पायांवरून पाहायला सांगावे.